पंधरा दिवसांच्या आत हरकत

उत्तरेश्वरनं जाहीर नोटीस तिसऱ्यांदा वाचली आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

त्याचा चुलतभाऊ अजिनाथ अंबाजोगाईत घर घेत होता. दुमजली! त्याच्या वकिलानं पेपरात छापलं होतं, या घरावर कुणाचा हक्क असेल तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी, नंतर काही ऐकून घेतलं जाणार नाही.

काल-परवापर्यंत मेंढरांमागं हिंडणारा माणूस हा. उत्तरेश्वर त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, कालव्यावर तीन एकर ऊस, ग्रामपंचायतीचा माजी सदस्य, आणि राहायला अजून पत्र्याखाली. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात त्याची बायको रतनबाई म्हणाली, "आवो, त्यांच्या घराला म्हणं वरबी बाथरूम हाय."

"गप बस!"

दुसऱ्या दिवशी तो अंबाजोगाईला शिवशंकर वकिलांपुढं जाऊन बसला.

"हरकत कशाच्या जोरावर घेणार?" वकिलांनी विचारलं.

"आधी माझाच सौदा झालता की, अठरा लाखाला. त्यातला लाख रुपये इसार दिलाय, रोख."

"पावती?"

"तोंडी व्यवहार. आमचा गडी सिदू व्हता संगं, साक्षीला."

वकिलांनी कोरा कागद पुढं ओढला. "मग हेही लिहावं लागेल, की सगळे कागद पाहून सौदा केला आणि उरलेले सतरा लाख देऊन खरेदी करायला मी तयार आहे. त्याशिवाय हरकत टिकत नाही."

"लिवा की! लिवायला काय जातंय?"

सही करताना त्याला हसू आवरेना. इसार सोडाच, त्या घराचा मालक काळा का गोरा, हेही त्याला माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी अजिनाथचा व्यवहार मोडल्याची बातमी आली. उत्तरेश्वरला मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यानं बायकोला वाटण वाटायला सांगितलं.

"आज कोंबडं कावून?"

"आयतवार हाय."

जेवण होतंय न होतंय तोच अजिनाथ स्वतः दारात. हातात पेढ्यांचा पुडा. उत्तरेश्वरनं तोंड पाडलं. "लई वाईट झालं रे बाबा."

"वाईट कशाचं, दादा? सुटलो! इसार दिला आन् मग कळलं, मालकाच्या दोन बहिणींनी त्या घरावर कोर्टात दावा टाकलाय. मालक पैसे काय परत देईना. तुमची हरकत आली तसं त्याला म्हणलं, एक घर दोघांला इकतो व्हय? पोलिसात जातो. मुकाट्यानं दिले समदे. घ्या, पेढा घ्या."

उत्तरेश्वरनं उचललेला पेढा परत पुड्यात ठेवला.

"आता त्यानं तुमचा इसार कबूल केलाय," अजिनाथ सांगत होता. "दाव्याचं घर कागद बघून घेतो म्हणणारं गिऱ्हाईक त्याला दुसरं कुठं मिळायचं? रजिस्टर पोस्टानं त्याची नोटीस येईल तुमाला. महिन्यात सतरा लाख आणा, न्हाईतर कोर्टात या."

"सतरा लाख? आरं, समदं रान इकावं लागंल! मी त्याला छदाम दिला न्हाई, तोंडसुदिक बघितलं न्हाई त्याचं!"

"ते मला ठावं हाय, दादा," अजिनाथ चपला घालत म्हणाला. "म्हणून तर नोटीस छापली. माझं घर झालेलं बघवणार न्हाई असं तुमच्याबिगर गावात दुसरं हाय कोण?"