कमिटीपुरत्या मॅडम

"फार्माकॉलॉजी कोण शिकवतं तुम्हाला?" तपासणी कमिटीतल्या वयस्कर सरांनी विचारलं.

दुसऱ्या बाकावरची हीना उभी राहिली. "साधना मॅडम."

फळ्याजवळ उभ्या असलेल्या साधनानं पदर सावरला. ती हीनाला ओळखत नव्हती. इथं कोणालाच ओळखत नव्हती. बाळापूर रस्त्यावरच्या या फार्मसी कॉलेजात दारावर तिच्या नावाची पाटी होती आणि ती स्वतः अमरावतीत आठ महिन्यांच्या लेकाला सांभाळत होती. तपासणी आली की प्राचार्य धर्मेंद्र सर गाडी पाठवायचे. बदल्यात अनुभवाचा दाखला. लेक मोठा झाला की नोकरीसाठी कामी येईल, एवढंच तिच्या मनात. एरवी दोन शिक्षकांवर चालणारी स्टाफरूम आज गच्च भरली होती. सहकारी एकमेकांना नावं विचारत होते.

"कशा शिकवतात मॅडम?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"लय चांगल्या!" हीना म्हणाली. "छातीत कळ आली तं गोळी जिभेखाली काहून ठेवाची, गिळाची काहून नाई, ते सांगितलं. गिळली तं लिवरच खाऊन टाकते तिले. आन् पेशंटले आधी बसवाचं, मंग गोळी. उभ्यानं देली तं बीपी उतरून पडते तो. मॅडमनं खुर्ची ठेवून करून दाखवलं."

सर खूश झाले. साधनाकडे वळून म्हणाले, "असं शिकवणारं माणूस मिळत नाही हो हल्ली."

साधनानं मान खाली घातली. धर्मेंद्र सरांनी पोरीची तयारी मात्र झकास करून घेतली होती.

कमिटी जेवायला गेली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "पोरगं वरचं दूध तोंडात घेऊन नाई राहिलं. निघाली का तू?"

"निघालेच, आई."

गाडी फाटकाशी उभी होती. पाण्याच्या टाकीजवळ हीना डबा धूत होती. तिच्याशी न बोलता जाणं साधनाला जमेना.

"सरांनी छान पाठ करून घेतलं गं तुझ्याकडून."

"सरांनी फक्त तुमचं नाव पाठ करून घेतलं," हीना हसली. "मी तं आता इथली बी नाई. मागच्या सालीच निघाली. बाक भराले बोलावलं आज. लायसनच्या एक्झिट परीक्षेत आपटली ना मी. अब्बानं बाळापुरात मेडिकलसाठी गाळा घेतला, शटर बसवलं, बोर्ड रंगवला. पास झाल्याबिगर लायसन कोण देते? रोज जाते, शटर पुसते, घरी येते."

"मग ते गोळीचं? मोबाइलवर पाहिलंस?"

हीना तिच्याकडे पाहतच राहिली. "काय मॅडम! तुमीच तं शिकवलं. मागची कमिटी आली तवा. पोटुशा होत्या तुमी. ते साहेब लोक मागच्या बाकावर बसले, आन् तुमी मलेच पेशंट केलं होतं."

साधनाला खुर्ची आठवली. मुलगी आठवेना. कमिटी वर्गातून उठून गेली तसा तिनं खडू ठेवला होता, वाक्य अर्ध्यावर सोडून.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तिकडे लेक रडत असणार. छाती दुधानं दाटून आली होती, ब्लाउज ओला झाला होता. साधनानं पदर घट्ट ओढून घेतला, पण पाय उचलेना.

"पेपर फार अवघड होता का गं?"

हीनानं डब्यातलं पाणी निथळलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"गोळीचा प्रश्न होता त्याच्यात. मले तेवढंच आलं, मॅडम."