हातातली हॅट

डॅरल ऑस्टरगार्डनं दार वाजवलं आणि घरातला रेडिओ बंद झाला. खिडकीचा पडदा किंचित हलला. त्यानं सवयीनं हॅट काढून छातीशी धरली आणि तो पायरीवर वाट बघत राहिला. दार उघडायला बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा दारातली तरुण बाई पांढरीफटक पडली होती.

"नमस्कार, मॅडम. मी डॅरल. वॉशिंग्टनला, प्रतिनिधिगृहासाठी उभा आहे."

त्यानं प्रचाराचं पत्रक पुढे केलं. तिनं ते हिसकावल्यासारखं घेतलं आणि दार लावून टाकलं. आतून आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा, हे काही त्याला कळलं नाही.

प्रचाराचं काम बघणारी ब्रेना गाडीत बसली होती. ती राजधानीतून आलेली, तोंडाची फटकळ. "शेजारच्या काउंट्यांत लोक तुमच्या नावाच्या पाट्या आपण होऊन अंगणात लावतायत," ती म्हणाली. "आणि तुमच्या स्वतःच्या काउंटीत एक पाटी नाही! काय घोडं मारलंयत तुम्ही यांचं?"

"वीस वर्षं शेरीफ होतो मी इथे. कुणाचा पोरगा दारू पिऊन गाडी चालवताना धरला असेल. राहतो लोकांच्या मनात राग."

"मग जरा नम्रपणे बोला. हॅट-बिट काढत जा."

"काढतोच की," डॅरल म्हणाला.

निवडणुकीला तो का उभा राहिला, हे त्यानं ब्रेनाला सांगितलं नव्हतं. भाषणात तो मक्याचे भाव आणि रस्ते याबद्दल बोलायचा, आणि ते खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी होती की निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. बायको केव्हाच कंटाळून ओरेगनला बहिणीकडे निघून गेली होती. मूलबाळ नाही. तो मोरीशी उभा राहून डब्यातलं सूप थंडच प्यायचा आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्याला उत्तरं द्यायचा. लोकांची दारं वाजवायला त्याला एक निमित्त हवं होतं. कुणीतरी "आत ये" म्हणावं, एवढीच त्याची भूक होती, आणि तेवढंच आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

रस्त्याच्या टोकाला व्हर्ना कोव्हारिकचं घर होतं. म्हातारी ओसरीवर सफरचंदं सोलत बसली होती. डॅरल फाटकातून आत आला, त्यानं हॅट काढली, आणि म्हातारीच्या मांडीवरचं भांडं खाली पडलं. सफरचंदं घरंगळत त्याच्या बुटांपर्यंत आली.

"लॉरेन?" तिनं विचारलं. लॉरेन तिची मुलगी, ओमाहाला राहणारी. "सरळ सांग, डॅरल. घोळवू नकोस."

"लॉरेनचं काय? नाही, नाही, मिसेस कोव्हारिक! मी मत मागायला आलोय."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती संतापानं लाल झाली होती.

"मग ती हॅट डोक्यावर घाल आधी, गाढवा! या काउंटीत तू हॅट हातात घेऊन कुणाकुणाच्या दारी गेलायस, आठव जरा."

डॅरलला आठवलं. हायवेवर गेलेली जेन्सनांची जुळी. तळ्यात सापडलेला शाळामास्तर. आणि हिचाच नवरा टॉम, मक्याच्या कोठारात गुदमरलेला. मरणाची बातमी त्यानं कधी फोनवर दिली नव्हती, कधी हाताखालच्या माणसाला धाडलं नव्हतं. स्वतः जायचं, दार वाजवायचं, हॅट काढायची आणि मग बोलायचं. सगळ्या नोकरीत त्याला अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा. आता त्याला कळलं की सकाळपासून तो घरोघरी लोकांचा जीव टांगणीला लावत हिंडत होता.

"मला माफ करा," तो म्हणाला. त्यानं हॅट डोक्यावर घातली.

"सफरचंदं गोळा कर आणि आत ये. कॉफी आहे."

स्वयंपाकघरात त्यानं रीत म्हणून पुन्हा हॅटला हात लावला, तशी म्हातारी खेकसली. बिचारा हॅट घालूनच टेबलाशी बसला. तिनं खसखशीचं सारण भरलेले गोड पाव पुढे ठेवले. त्यानं एक खाल्ला, मग न विचारता दुसरा उचलला. म्हातारी बघत होती.

"बायको आली का रे परत?"

"नाही."

"भाऊ होता ना तुझा?"

"गेला तो."

"मग उद्या तुझं काही बरंवाईट झालं, तर हा नवा शेरीफ कुणाच्या दारी जाणार?"

डॅरल कॉफी ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती. एवढ्या घरांची दारं वाजवलेल्या माणसाला स्वतःसाठी एक दार सुचेना. त्याला फार एकटं वाटलं आणि ते लपवायचंही त्याला जमलं नाही.

बाहेर ब्रेनानं हॉर्न वाजवला. तो उठला. "मताचं तेवढं बघा, मिसेस कोव्हारिक."

"मत-बित मिळायचं नाही. कोव्हारिकांच्या घरातून तुझ्या पक्षाला आजवर एक मत गेलेलं नाही. वर गेल्यावर नवऱ्याला काय तोंड दाखवू?"

डॅरलला हसू आलं. निदान इथे खरं ते तोंडावर कळलं होतं. तो पायऱ्या उतरून फाटकापर्यंत पोचला, तेवढ्यात मागून हाक आली.

"डॅरल! त्या नव्या शेरीफला सांगून ठेव. तुझं काही झालं, तर हॅट काढून माझ्या दारी यायचं."