पाटीचा दगड

"देवाला मऊ दगड घे, लाकडी मोगरीनंही आठवड्यात उरकेल. उद्घाटनाला मंत्री येतायत. माझ्या नावाच्या पाटीला मात्र काळा कातळ! छिन्न्या बोथट झाल्या तरी चालतील," देवस्थानचे अध्यक्ष गुणवंतअण्णा म्हणाले.

"अण्णा, रोजचा अभिषेक देवाला सोसायचाय, पाटीला नाही," भिकोबा पाथरवट म्हणाला.

"अरे, देव चराचरात आहे. माझं नाव एवढ्या एकाच जागी!"

भिकोबानं हात जोडले आणि मोगरी उचलली.

दुधादह्यानं अन् लिंबानं घासून घासून काही वर्षांतच विठोबाचं नाक गेलं, मग हसूही. पाटी मात्र लखलखीत. शेवटी भर कीर्तनात बुवांनीच विचारलं, "मंडळी, नव्या मूर्तीला न झिजणारा दगड कुठं मिळेल?"

सगळ्या माना पाटीकडे वळल्या. "मागची बाजू कोरीच आहे," भिकोबा म्हणाला. भरल्या देवळात नाही कसं म्हणायचं? अण्णांनी डोळे मिटून "विठ्ठल, विठ्ठल" म्हटलं आणि गावानं तोच होकार धरला.

आता पाटीच्या पाठीवर विठोबा हसतो. नाव भिंतीत गेलंय. प्रदक्षिणा घालताना अण्णा देवळाच्या मागच्या भिंतीशी जरा जास्तच वेळ हात जोडून उभे राहतात.