माग

वासावरून माग काढायला मोत्याला इसहाकनेच शिकवलं होतं. वाटेत मटणाचा तुकडा टाकला, तरी कुत्रं ढुंकून पाहत नसे. बेचाळीसच्या चळवळीत इसहाक भूमिगत झाला, तेव्हा हवालदाराने त्याचाच सदरा मोत्याच्या नाकाशी धरला.

मोत्या कोंबड्यांच्या घोळक्यातून सरळ उसाच्या फडाकडे निघाला. इसहाक तिथेच लपला होता. त्याची बायको कृपा बाळाला कडेवर घेऊन, जीव मुठीत धरून मागोमाग धावत होती.

"लई गुणाचं कुत्रं हाय, बाई!" हवालदार खूश झाला.

तेवढ्यात बाळाने टाहो फोडला. मोत्या थबकला, मागे फिरला आणि बाळाचे पाय चाटू लागला.

"कुत्रं हाय का दाई?" हवालदाराने चिडून पुन्हा सदरा पुढे केला.

 

कृपाने बाळाची दुसरी मांडी चिमटीत धरली.