पाडव्याचा कडुलिंब

“एका डहाळीसाठी मंडईपर्यंत गाडी काढावी लागली हो,” सेक्रेटरी नेने कुमुदताईंच्या कानाशी कुरकुरले.

पाडव्याची सकाळ होती आणि सोसायटीत पर्यावरणपूरक गुढ्यांची स्पर्धा. तापत्या वसुंधरेवरचं नेन्यांचं भाषण सगळ्यांनी भाड्याच्या मंडपाखाली दाटीवाटीनं ऐकलं; आवारात दुसरी सावलीच उरली नव्हती.

परीक्षक बाई प्रत्येक गुढीचा कडुलिंब न्याहाळत आल्या. सगळ्या डहाळ्यांनी माना टाकलेल्या, कुमुदताईंचीच तेवढी तांबूस, लुसलुशीत. “ही कुठून आणलीत?”

नेन्यांच्या गाडीमागं उरलेल्या बुंध्याला पालवी फुटली होती. तिथूनच कुमुदताईंनी डहाळी खुडलेली.

“इथं मोठा कडुलिंब होता,” नेने घाईनं म्हणाले, “कीड लागली, गेला बिचारा.” वाक्य वर्षभर सगळ्यांना पाठ होतं, भराभर माना डोलल्या.

“कीड नव्हती,” कुमुदताई म्हणाल्या. “गाड्यांवर पानं गळतात, पक्षी घाण करतात म्हणून आपणच तोडला. परवानगीच्या अर्जावर पहिली सही माझी.”