सहा भाकरींची बाटली

केशरबाईंनी बाटली उजेडाकडे धरली, चारी अंगांनी फिरवली आणि परत फळीवर ठेवली.

“नाथाभाऊ, ह्याच्यावर कायच लिवलं न्हाई.”

“लिवलंय की मावशी. किती टक्के, किती मिली, दारू पिणं घातक. अजून काय पायजे, कुंडली?”

“आत काय हाय ते. आमच्या नातीच्या बिस्किटाच्या पुड्यावर बी लिवत्यात, साखर किती, कॅलरी किती. तुमचीच बाटली मुकी कशी?”

आता देशी दारूच्या दुकानात वाचायला कोण जातंय? पाथर्डी रस्त्यावरच्या त्या दुकानात पंधरा वर्षं बसलेल्या कानिफनाथनं बाटली वाचणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. केशरबाई मात्र सलग चौथ्या दिवशी हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या.

मूळ होतं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आरतीनं घेतलेल्या बैठकीत. तिनं बायकांना चिवड्याचा पुडा वाचून दाखवला आणि एका भाकरीत दीडशे कॅलरी धरा म्हणून सांगितलं. तेव्हापासून केशरबाई गावातली हर एक चीज भाकरीत मोजायच्या. कुल्फीवाला म्हणे त्यांना लांबून बघितलं की गाडी दुसऱ्या गल्लीला वळवायचा.

बाटली त्यांच्या नवऱ्याची, सहादेवची. ऊसतोडीवरून परतल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. रोजची बाटली नाही मिळाली तर त्याचे हात कापायचे, म्हणून केशरबाई स्वतःच न्यायला यायच्या.

“संत्र्याचं चित्र हाय. आत संत्रं किती?”

“नुसता वास, मावशी.”

केशरबाईंचं तोंड उतरलं.

दुकानातल्या बाकड्यावर पीत बसलेला रामहरी म्हणाला, “काकी, सहादेवदादाची ढेरी लई मनावर घेतली तुमी.”

“आदी तुजी बघ. बाकडं वाकलंय.”

बाकड्यावरचे सगळे हसले. केशरबाई हसल्या नाहीत. फळीवर वाकून हळूच म्हणाल्या, “नाथाभाऊ, त्यांच्या पोटात काय जातंय तेवढं मला कळाया पायजे. न्हाईतर मानूस हातचा जाईल.”

हे कानिफनाथला लागलं. त्याचा थोरला भाऊ ह्याच दारूनं गेला होता, आणि तेव्हा घरातल्या कुणी, अगदी त्यानंही, एक प्रश्न विचारला नव्हता. ही बाई तरी विचारतेय. नवऱ्याला दटावायला तिच्या हातात एखादा आकडा नको का?

सरकार लिहीत नाही, तर आपण लिहू.

दुपारी गिऱ्हाईक नसताना तो चिवड्याचा पुडा समोर ठेवून बसला. दारूचा आकडा काही त्याला सापडला नाही. मग त्यानं अंदाज केला आणि तो दुप्पट केला. धसका बसायचा तर आकडा दणदणीत हवा. पांढऱ्या चिकटपट्टीवर त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘एका बाटलीत ९०० कॅलरी. सहा भाकरींच्या बरोबर.’ आणि अशा चिठ्ठ्या सगळ्या बाटल्यांना चिकटवून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी केशरबाईंनी अक्षरांखाली बोट धरून वाचलं. मग पुन्हा एकदा.

“सहा?”

“सहा.”

“खरं सांगताय नव्हं, भाऊ?”

“व्हय,” कानिफनाथ गल्ल्याकडे बघत म्हणाला. “आता तुमीच काय ते ठरवा.”

केशरबाईंनी पदर डोळ्यांना लावला, बाटली पिशवीत टाकली आणि निघून गेल्या. बाण बरोबर लागला, असं कानिफनाथला वाटलं.

बाकड्यावर त्या चिठ्ठीची टिंगल झाली. “आज बारा भाकरी हानल्या,” रामहरी म्हणायचा, “घरी सांगा, चूल पेटवू नका.” कानिफनाथनं चिठ्ठ्या काढल्या नाहीत. केशरबाई रोज यायच्या, बाटली न्यायच्या, वाद घालायच्या नाहीत. सवय एकदम कशी सुटेल, तो मनाशी म्हणायचा. रात्री त्याला भावाची आठवण यायची, पण पहिल्यासारखी टोचायची नाही.

दहाव्या दिवशी केशरबाई शेंगांची पिशवी घेऊन आल्या. पिशवी त्यांनी फळीवर ठेवली.

“हे काय मावशी?”

“तुमच्या लेकरास्नी. तुमचे उपकार हायेत आमच्यावर.”

कानिफनाथनं पिशवी जवळ ओढली. “सुटत आली म्हना की दादाची.”

“काय सुटत आली?”

“बाटली.”

“ती कशाला सुटंल?” केशरबाईंनी त्याच्याकडे नवलानं पाहिलं. “दीड महिना झाला भाऊ, भाकरीचा तुकडा त्यांच्या गळ्याखाली उतरंना. निस्ता हाडांचा सापळा राहिलाय. नगरला दवाखान्यात न्यायला जीप बी सांगितली हुती. तुमची चिठ्ठी वाचली आन् माजा जीव भांड्यात पडला, जीप माघारी लावली. आजपासनं दोन बाटल्या द्या. ऊस तोडनाऱ्या गड्याला सहा भाकरींनी काय हुतंय?”