अडकलेला इंटरव्ह्यू

लोकांना फोनवरून कॉम्प्युटरची मदत करायची नोकरी होती. माझ्याकडे डिग्री नाही, तरी पहिल्यांदाच कुणीतरी इंटरव्ह्यूला बोलावलं होतं, तोही व्हिडिओवर. आणि पहिल्याच प्रश्नाला माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपचं वायफाय रांगायला लागलं. स्क्रीनवरच्या मॅडम अर्धवट तोंड उघडून थिजल्या.

"काय झालं रे?" आईने दारातून विचारलं.

"नेट मेलं!"

"माझ्या मोबाईलवर तर पळतंय."

"मोबाईल वेगळा, लॅपटॉप वेगळा, आई!"

"मग बंद करून चालू कर ना."

"सगळ्यावर एकच औषध का गं तुझं? बॅटरी वाचवायला वायफायचं कार्ड मध्येच झोपतं, त्याला झोपू नको म्हणून कमांड द्यावी लागते. किती वेळा सांगू? कळत नाही तर कशाला डोकं खातेस माझं!"

मी कमांड मारली. मॅडम हलल्या.

"सॉरी मॅडम, तुम्ही अडकला होतात."

"आम्हाला मात्र तुम्ही नीट दिसत होतात. ऐकूही येत होतं, सगळं. काम येतं तुम्हाला. पण आमची गिऱ्हाईकंही हेच विचारतात, बंद करून चालू करू का म्हणून. त्यांच्याशीही असंच बोलणार?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून आईच घाईघाईने म्हणाली, "नाही हो मॅडम, बाहेरच्यांशी फार गोड बोलतो तो."